टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) रविवारची बॅच, नाशिक सीबीएस बसस्टँडजवळ
सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांच्या रिटायरमेंटला ५ वर्षांहून जास्त आहेत त्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचंय, म्हणून हा क्लास लावला. बालमानसशास्त्र एक नंबर शिकवतात, उदाहरणं आपल्या वर्गातलीच, पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या मॅडमपण शेवटपर्यंत थांबतात यातच काय ते समजा. १५० प्रश्न १५० मिनिटांत, त्यामुळे टायमिंगची प्रॅक्टिस हवीच, ती भरपूर होते. गणित मात्र घाईत उरकतात. फी जास्त वाटली. खरंतर इतकी वर्षं शिकवलेल्यांना परत परीक्षेला बसवायचं तर तयारी सरकारनेच फुकट करून द्यायला हवी होती. ओपनला ९० मार्क लागतात, मॉक टेस्ट चुकवू नका.