जेबीआयचा शेअर: धरून ठेवायचा की विकून मोकळं व्हायचं?

अमेरिकेत नायगारा फॉल्सला जेबीआय नावाची छोटी कंपनी होती, टाकाऊ प्लास्टिक तापवून त्यापासून इंधन बनवायची, आणि तिच्या शेअरवरून गुंतवणूकदारांचे सरळ दोन गट पडले होते.

धरून ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता हां. मशीन खरंच चालायचं, प्लास्टिक तापवताना जो गॅस निघतो तोच परत भट्टीला वापरायचे म्हणजे बाहेरचं इंधन कमी लागतं, आणि न्यूयॉर्क राज्याची परवानगीही मिळालेली. कचरा कमी होतो आणि वर डिझेल, नाफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) विकता येतं, मग माणसाला आशा वाटणारच ना, मलाही वाटली असती.

पण विकणारे ताळेबंद बघत होते. साधारण 10 लाख डॉलरला घेतलेली जाहिरातीची क्रेडिट्स (म्हणजे पुढे जाहिरातीची जागा-वेळ घेण्याचे आधीच विकत घेतलेले हक्क) 2009 च्या हिशोबात जवळपास 1 कोटी डॉलरची दाखवली, आणि त्याच आकड्यांवर लोकांकडून पैसे उभे केले असा आरोप करून जानेवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या सेकने (एसईसी, तिथली शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) केस टाकली. माझ्यासाठी विषय इथेच संपतो, कारण मशीन कितीही भारी असलं तरी आकडे सांगणाऱ्यावरच भरवसा नसेल तर रोज किती टन प्लास्टिक गेलं, किती तेल निघालं हे तरी कुणाच्या शब्दावर मानायचं?

शिवाय स्वच्छ, एकसारखं प्लास्टिक सतत मिळणं अवघड, पीव्हीसी (पाइपांसाठी वापरतात ते क्लोरीन असलेलं प्लास्टिक) मिसळलं की क्लोरीनचा त्रास. 2013 च्या शेवटी प्लास्टिकपासून तेल काढणारी ही मशीनं थांबली. मी विकणाऱ्यांच्याच बाजूचा.