रंगीत छायाचित्रे लेयर वापरून कृष्णधवल करणे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरपासून मी माझी सगळी कृष्णधवल छायाचित्रे फोटोशॉपमधील ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या ॲडजस्टमेंट लेयरवर (चित्रावर बसून त्याच्या छटा बदलणाऱ्या थरावर) करते आहे. त्याआधी कित्येक वर्षे रंग काढून टाकणारी ‘डीसॅच्युरेट’ ही एकच आज्ञा पुरेशी वाटत होती. ठाण्याला आमच्या घरी झालेल्या केळवणात आईने हिरवी, लाल काठाची इरकल नेसली होती. रंगीत छायाचित्रात तो काठ झळकत होता, पण रंग काढून टाकल्यावर तो साडीच्या अंगात असा मिसळून गेला की, काठ आहे हेच कळेना.

यामागचे कारण सरळ आहे. ही आज्ञा प्रत्येक ठिपक्यातील (पिक्सेलमधील) लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांपैकी सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान मूल्य घेऊन त्यांची सरासरी काढते, त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही रंग एकाच करड्या छटेवर येऊन थांबतात. आपल्या डोळ्याला मात्र हिरवा रंग निळ्यापेक्षा कितीतरी उजळ भासतो. दूरचित्रवाणीच्या जुन्या मानकात उजळपणा मोजताना हिरव्याला ०.५८७, लालला ०.२९९ आणि निळ्याला केवळ ०.११४ एवढा वाटा दिलेला आहे, तो याच कारणाने.

ॲडजस्टमेंट लेयर मूळ रंगीत चित्राला हात न लावता त्याच्यावर बसतो. लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी असे सहा स्लायडर असतात व कोणता रंग किती उजळ करायचा, हे आपण ठरवतो. इरकलीच्या छायाचित्रात मी लाल खाली आणि पिवळा व हिरवा वर नेला, तेव्हा काठ गडद होऊन अंगापासून वेगळा झाला.

मार्चमध्ये नेरूळच्या पाणथळीवर टिपलेल्या रोहित पक्ष्यांनी ही पद्धत खऱ्या अर्थाने शिकवली. फिकट गुलाबी पिसे आणि खाडीचे गढूळ पाणी साध्या रूपांतरात जवळजवळ एकाच छटेचे होत होते. लाल व किरमिजी स्लायडर वर नेले आणि पक्षी उजळले, पाणी मात्र होते तसेच राहिले. कारण ज्या भागात मुळात रंगच कमी असतो, तिथे या स्लायडरांचा परिणामही कमी होतो. हाच गुण जुलैत अडचणीचा ठरला. येऊरच्या डोंगरावरचे पावसाळी आकाश जवळजवळ रंगहीन होते, त्यामुळे निळा स्लायडर कितीही खाली नेला तरी ढग गडद होईनात. तिथे वेगळा कर्व्हज लेयर (उजळ-गडद छटा बदलणारा) घेऊन, त्याच्या मास्कवर (लेयर कुठे लागू व्हावा हे ठरवणारा पडदा; काळे तिथे झाकलेला, पांढरे तिथे उघडा) डोंगराचा भाग काळ्या ब्रशने झाकून केवळ आकाशातल्या उजळ-गडद छटांमधला फरक वाढवावा लागला. त्याच छायाचित्रांत आणखी एक गोष्ट लक्षात आली : झाडांची पाने हिरव्यापेक्षा पिवळ्या स्लायडरला अधिक प्रतिसाद देतात.

सर्वांत जास्त वेळ चेहऱ्यांना लागतो आणि तो द्यावा, असे माझे मत आहे. आपल्या गव्हाळ त्वचेत लाल-पिवळ्याचा अंश भरपूर असल्यामुळे लाल स्लायडर वर नेला की चेहरा सुंदर उजळतो, पण त्याच वेळी कपाळावरचे कुंकू फिके पडून दिसेनासे होते. आईचे बिनकुंकवाचे कपाळ मला पाहवेना. त्यावर उपाय म्हणजे उजळ लेयरच्या मास्कवर केवळ कुंकवाएवढा भाग लहान, मऊ कडेच्या ब्रशने काळा करायचा आणि त्याखाली लाल स्लायडर खाली नेलेला दुसरा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लेयर ठेवायचा. झाकलेल्या जागी खालचा लेयर काम करतो आणि कुंकू गडद उमटते. वरच्या लेयरने उरलेल्या चेहऱ्यावर अपेक्षित काम करावे, म्हणून खालच्या लेयरलाही कुंकवाच्या जागेपुरताच पांढरा मास्क असणे आवश्यक आहे, अन्यथा वरच्या लेयरला रंग मिळतच नाहीत. हे समजायला मला दोन रात्री लागल्या.

जेपेग फाइलवर स्लायडर टोकाला नेऊ नयेत. या प्रकारात रंगाची माहिती बहुधा उजळपणापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे इमारतींच्या कडांभोवती फिकट रेघ उमटते आणि आकाशात चौकटी दिसू लागतात. मी आता रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपते व जास्त छटा साठवणाऱ्या १६ बिटमध्ये काम करते. जतन करताना पीएसडी (लेयर जपणारी फोटोशॉपची फाइल) अवश्य ठेवावी. सुरुवातीच्या काही छायाचित्रांची मी जेपेगच ठेवली, तीत लेयर राहत नाहीत, आणि ते सारे काम पुन्हा करावे लागले.

रोहितांची मार्चमधली पीएसडी मी मागच्या आठवड्यात पुन्हा उघडली. तेव्हा आवडलेला पक्ष्यांचा उजळपणा आता भडक वाटला, म्हणून किरमिजी थोडा खाली आणला, पिसांमधल्या रेषा परत दिसू लागल्या, आणि तीच प्रत मोठ्या आकारात छापायला दिली.