कागदी रॉकेट की पाण्याचं? मुलांसोबत घरी कोणतं करावं

नववीच्या विज्ञानात गतीचे नियम येतात आणि मुलं ते पाठही करतात. पण ‘क्रियेइतकीच प्रतिक्रिया’ हा तिसरा नियम म्हणजे नेमकं काय, हे विचारलं की बरीचशी गप्प होतात. त्यासाठी घरी रॉकेट करणं हा उत्तम उपाय आहे. कोणतं करायचं हे मात्र उंचीवरून ठरवू नका. एका संध्याकाळी ते किती वेळा उडवता येतं आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून फरक मोजता येतो का, हे बघा.

सर्वांत स्वस्त आहे तो दोऱ्यावरचा फुगा. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरा ताणायचा, त्यात स्ट्रॉ ओवायची, फुगवलेला फुगा चिकटपट्टीने तिला लावायचा आणि तोंड सोडायचं. हवा मागे, फुगा पुढे. तिसरा नियम इतका उघडा दुसरीकडे कुठेच दिसत नाही. दर वेळी फुग्याचा घेर टेपने मोजून सारखा ठेवला तर आकडेही विश्वासाचे मिळतात. तिसरी-चौथीतल्या मुलाला एवढं पुरतं.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे.

कागदी रॉकेटला कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि चिकटपट्टी लागते. पाइपाभोवती कागद गुंडाळून नळी करायची, एक टोक बंद करायचं आणि खालच्या टोकाला जाड कागदाचे तीन-चार पंख लावायचे. नळी पाइपावर सैल सरकली पाहिजे. पाइपाचं दुसरं टोक बाटलीच्या तोंडाला घट्ट बांधून बाटलीवर जोरात पाय मारला की रॉकेट सुटतं. बाटलीत फुंकून ती पुन्हा फुगवली की पुढच्या उड्डाणाची तयारी झाली.

याचं मोठेपण पंखांत आहे. पंख काढून उडवा, रॉकेट हवेत कोलांट्या खातं. पंख परत लावून नाकात चिमूटभर माती भरा, ते सरळ जातं. गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोल सांभाळतं ती जागा) पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य (हवेचा एकूण रेटा जिथे लागतो ती जागा) मागे असला की रॉकेट वाट सोडत नाही. उडवण्याआधीच हे तपासता येतं: रॉकेट जिथे तोल सांभाळतं तिथे दोरा बांधून ते डोक्यावर गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर रॉकेट स्थिर आहे. हा प्रयोग मुलाकडून करून घ्याच.

एक गोष्ट मात्र मुलाला स्पष्ट सांगायला हवी. काटेकोरपणे बघितलं तर हे रॉकेट नाही. पाइपातून सुटल्यावर त्याला ढकलणारं काहीच उरत नाही; ते बंदुकीच्या गोळीच्या जातीचं आहे.

पाण्याचं रॉकेट मात्र खरंखुरं रॉकेट, कारण ते स्वतःतलं वस्तुमान मागे फेकत वर जातं. सोड्याची जाड प्लास्टिकची बाटली घ्यायची, एक तृतीयांश पाणी भरायचं, सायकल-ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं रबरी बूच लावायचं, बाटली स्टँडवर उलटी ठेवायची आणि पंपाने हवा भरायची. दाब वाढला की बूच सुटतं. पाण्याचं प्रमाण बदलून बघणं हा यातला सर्वांत सुंदर भाग. पाणी नसेल तर फेकायला जडसं काही नसतं. बाटली काठोकाठ भरली तर दाबलेल्या हवेला जागाच उरत नाही. उत्तम प्रमाण या दोहोंच्या मध्ये सापडतं आणि ते मुलाने स्वतः शोधावं. किती वस्तुमान किती वेगाने मागे फेकलं की रॉकेटचा वेग किती वाढतो, हे सांगणारं रॉकेट-समीकरण रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली मांडलं; त्याची ही पहिली पायरी आहे.

पण याला मोकळं मैदान आणि मोठं माणूस हवंच. पाण्याच्या पातळ बाटल्या वापरू नका. चरा किंवा पोचा पडलेली बाटली फेकून द्या. पंपाचा पाइप लांब घ्या आणि बूच अडलं तरी कोणीही बाटलीवर वाकू नये. शिवाय बूच किती घट्ट बसलं यावर दाब ठरतो, त्यामुळे दोन उड्डाणं तंतोतंत सारखी होत नाहीत. म्हणून सहावी-सातवीपर्यंत कागदी रॉकेट आणि सोबत फुगा, आठवीनंतर पाण्याचं, असा माझा कौल आहे. सोसायटीच्या आवारात राहणाऱ्यांनी आठवीनंतरही कागदीच करावं.

इनोची पूड आणि पाणी घालून घट्ट झाकणाची डबी उडवणं मजेचं आहे, पण त्यात मोजण्यासारखं फार थोडं. काड्यापेटीचं गुल किंवा फटाक्यांची दारू घरी कधीच वापरू नका.

उंची मोजायला कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि वजन बांधा. उड्डाणाच्या जागेपासून २० मीटरवर उभं राहून रॉकेट सर्वांत वर असताना कोन घ्या. तो ४५ अंश आला तर उंची २० मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. आकडा लहान आला तर मुलाला अमेरिकी शास्त्रज्ञ गोडार्ड यांच्या द्रव-इंधनाच्या पहिल्या रॉकेटची गोष्ट सांगा: १६ मार्च १९२६ रोजी ते जेमतेम अडीच सेकंद उडालं आणि सुमारे साडेबारा मीटर वर गेलं.