फार्देस्ट की फर्देस्ट, 'ए' टाकू की 'यू'?

इंग्रजीत 'सगळ्यात लांबचं' लिहायची वेळ आली की हात अडतोच. जो नियम सांगतात तो तसा सोपाय, किलोमीटरमध्ये मोजता येईल असं अंतर असेल तर 'ए'वालं फार्देस्ट, आणि नुसतं म्हणायला लांब, म्हणजे 'लग्नाचा विचार सध्या डोक्यापासून कोसभर लांब' टाइप काही असेल तर 'यू'वालं फर्देस्ट. पण हा काटेकोरपणा मुख्यतः अमेरिकन लोकांचा, ब्रिटनमध्ये दोन्हीकडे सर्रास फर्देस्ट चालतं.

आता गंमत अशी की बघताक्षणी वाटतं 'फार' म्हणजे लांब, त्यावरून फार्देस्ट हे ओरिजिनल आणि फर्देस्ट बिघडलेलं, तर प्रकरण नेमकं उलटंय. फर्दर हा जुन्या इंग्रजीतला शब्द, आणि तो मुळात फारचा नाहीच, 'फोर्थ' म्हणजे पुढे (चौथा नव्हे!) त्याच्या घरातला, अर्थ 'अजून पुढे'. फारचं स्वतःचं 'जास्त लांब' या अर्थाचं 'फेरर'सारखं रूप होतं ते मागे पडलं, फर्दर त्याच्या जागी येऊन बसला आणि मग त्याचाच स्वर बदलून फार्दर झाला, नाहीतर फारला नुसतं 'अर' लावल्यावर मधला तो 'द' आला कुठून सांगा. पुढे 14व्या शतकाच्या आसपास 'एस्ट' लागून फार्देस्ट-फर्देस्ट ही दोन्ही रूपं तयार झाली.

हा 'एस्ट' म्हणजे आपल्या ज्येष्ठ-कनिष्ठमधल्या 'इष्ठ'चा चुलतभाऊ बरं का, आणि संस्कृतातही 'दूर'चं 'दविष्ठ' होतं, म्हणजे मधेच शब्द फिरायची खोड तिथेही आहेच. (मराठी 'फार' मात्र 'स्फार'वरून आलाय, इंग्रजी फारशी त्याचं काही नातं नाही.)

मग लिहायचं काय? वाचणारा अमेरिकन असेल, प्रोफेसर, क्लायंट कोणीही, तर वरचा नियम पाळा, 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर 1 हे अंतराळयान पृथ्वीपासून सगळ्यात लांब पोचलंय असं लिहिताना फार्देस्ट. बाकी सगळीकडे डोळे झाकून फर्देस्ट, कारण ते अंतरालाही चालतं आणि विचारालाही, उलट 'विचारापासून लांब'ला फार्देस्ट लावलंत तर कोणीतरी लाल पेन काढणारच. फर्दरमोर आणि 'पुढे नेणे' या अर्थाचं क्रियापद फर्दर, तिथे तर चॉइसच नाही, 'यू'च. फक्त एकाच ईमेलमध्ये तेच अंतर एकदा 'ए'ने आणि एकदा 'यू'ने लिहू नका.