विकायचं, खंडानं द्यायचं की वाट्यानं? जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क आणि मुंबईच्या कंपन्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या एका मित्राच्या वडिलांनी चार मराठी चित्रपट काढले होते: १९७१, १९७४, १९७९ आणि १९८४ साली. वडील गेले, माळ्यावर करारांची ट्रंक राहिली. आता एक कंपनी चारही चित्रपटांचे ‘कायमस्वरूपी हक्क’ एकरकमी मागते आहे. दुसरी पाच वर्षांसाठी मागते. तिसरी म्हणते, आत्ता थोडी उचल देतो, पुढं जे येईल त्यात निम्मं निम्मं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली ज्या गावात सुरू झाली, जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओ जिथं उभे राहिले, तिथं अशा ट्रंका बऱ्याच घरांत असणार. म्हणून त्याला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहून काढतोय.

आधी समोरच्याचा धंदा कळला पाहिजे. या कंपन्या मुख्यतः चित्रपट काढत नाहीत, साठवतात. शेमारूचंच बघा: १९६२ साली मुंबईत पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी, १९७९ पासून व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी, आणि मग हक्कांचीच लायब्ररी. एकदा हक्क हातात आला की एकाच चित्रपटाचे तुकडे पडतात. सॅटेलाइट वेगळा, केबल वेगळा, इंटरनेट वेगळा, परदेश वेगळा, डबिंग आणि रिमेक वेगळे. चॅनेलला दुपारचे तास भरायचे असतात, त्यामुळे ते सुटा चित्रपट क्वचित घेतं, गठ्ठा घेतं. एक गाजलेला आणि त्याच्या शेपटीला आठ-दहा पडेल. अमुक वर्षं, अमुक ‘रन’ (म्हणजे किती वेळा दाखवायचं), एवढे पैसे.

हा खेळ जुना आहे. हॉलिवूडच्या पॅरामाउंटनं १९५० पूर्वीचे आपले सुमारे ७५० बोलपट १९५८ साली एमसीए या कंपनीला ५ कोटी डॉलरला विकले. टीव्ही तेव्हा घराघरांत पोचत होता आणि त्याला दाखवायला काहीतरी हवंच होतं. जुना माल विकणाऱ्याला अडगळ वाटतो, घेणाऱ्याला त्यात पुढची वीस वर्षं दिसतात.

आता कायमची विक्री. लोक याला घाबरतात. ‘बापाची जमीन विकली’ असं वाटतं. पण इथं एक हिशोब कुणी मांडत नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७१ च्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०३१ ला संपतो, १९७४ च्याचा २०३४ अखेर. त्यानंतर तो कुणीही दाखवू शकतो. तेव्हा या दोघांचं ‘कायमचं’ म्हणजे शिल्लक राहिलेली थोडकी वर्षं. उलट १९८४ चा २०४४ पर्यंत चालणार, तो विकणं म्हणजे खरंच जमीन विकणं. चारही चित्रपट एकाच दरानं, एकाच कागदावर देणं ही पहिली चूक.

एकरकमी विक्रीचा खरा फायदा पैशापेक्षा भाऊबंदकीत आहे. वारस सहा असतील आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नसतील, तर दर तिमाहीला वाटे पाडत बसण्यापेक्षा एकदाच चेक फाडलेला बरा. निगेटिव्ह, म्हणजे चित्रपटाची मूळ रिळं, सांभाळण्याचा खर्चही जातो. मात्र हक्क आणि निगेटिव्ह या दोन गोष्टी आहेत, दोन्हीचं वेगळं लिहून घ्या.

खंडानं देणं, म्हणजे ठरावीक मुदतीचं लायसन्स, मला सगळ्यांत सरळ वाटतं. रक्कम आधी ठरते आणि मुदत संपली की रान आपलं. भाव एकरकमीपेक्षा कमी येतो, पण पाच वर्षांनी पुन्हा सौदा करता येतो. यात एक खोच आहे. कंपनी चौथ्या वर्षी तोच चित्रपट एखाद्या चॅनेलला पुढच्या पाच वर्षांसाठी देऊन मोकळी होते, आणि तुमचा खंड संपला तरी रानात दुसऱ्याचाच ऊस उभा. म्हणून ‘पुढं दिलेली सगळी लायसन्सं मूळ मुदतीबरोबर संपतील’ ही ओळ हवीच. मुदत आणि प्रदेशही लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. पण १० मे १९९५ पूर्वीच्या करारांना ही सवलत नाही.

ते वाक्य माझ्या अंगावर शेकलंय. माझ्या मामांनी १९८८ साली एका कॅसेटवाल्याला ‘व्हिडिओ व तत्सम सर्व हक्क’ लिहून दिले, मुदतीचा पत्ता नाही. आम्ही निवांत होतो की पाच वर्षांत संपले. वकिलानं तारीख बघितली आणि मान हलवली. ‘तत्सम’ या एका शब्दावर दोन वर्षं गेली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं ते स्पष्ट लिहिल्याशिवाय दिलं असं धरत नाहीत. म्हणूनच हल्ली कंपन्यांच्या करारात माध्यमांची यादी पानभर असते. ती वाचा, जे द्यायचं नाही ते खोडा.

राहिला वाटा. आपल्याकडं ऊस घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एम.जी., म्हणजे मिनिमम गॅरंटी, ही पहिली उचल. ती आधी वसूल होणार, मग प्रिंट साफ करण्याचा, डिजिटल फायली बनवण्याचा खर्च कापला जाणार, आणि उरलं तर अंतिम बिल. काटा कारखान्याचाच. त्यात गठ्ठ्याची भानगड: दहा चित्रपट मिळून एक रक्कम आली, तर तुमच्या एकाचे किती? हे सूत्र करारात नसेल तर निम्मं कशाचं, याला उत्तर नाही. खर्चाला वरची मर्यादा, वर्षातून एकदा वह्या तपासायचा हक्क, आणि उचल इतकी की पुढं दमडी आली नाही तरी झोप लागेल. हे नसेल तर वाट्याच्या वाटेला जाऊ नका.

स्वतःच यूट्यूबवर टाकायचं म्हणाल तर टाका, पण गाण्यांचे हक्क बहुधा तेव्हाच ध्वनिमुद्रिका कंपनीला गेलेले असतात. पहिला दावा त्यांचाच येईल.

मित्राच्या वडिलांची दूरदर्शनवरची तेरा भागांची मालिकाही आहे. प्रायोजित असेल, म्हणजे निर्मात्यानं टेलिकास्ट फी भरून जाहिरातींचा वेळ घेतला असेल, तर हक्क सहसा निर्मात्याकडं राहतात. दूरदर्शननं पैसे देऊन करून घेतली असेल तर हक्क सहसा त्यांचेच, विषय संपला. खासगी चॅनेलसाठी केलेल्या मालिकांचंही बहुतेक असंच.

त्याला मी सांगितलं ते असं. १९७१ आणि १९७४ चे बरा भाव आला तर विकून टाक. १९७९ आणि १९८४ चे पाच वर्षांच्या खंडानं दे. कंपनीला खरा हवा आहे तो १९८४ चाच, तो तेव्हा चालला होता. बाकी तीन शेपूट आहे हे तिला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक असल्याचं तिला कळू दे. सेन्सॉरचे दाखले काढून ठेव. ‘ए’ असेल तर टीव्हीवर चालत नाही, पुन्हा सेन्सॉरला जावं लागतं आणि भाव तिथंच पडतो. सही करण्याआधी कंपनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, तेव्हा जुना एखादा हक्कदार उगवला तर घरात आधीच माहीत असलेलं बरं.

ट्रंकेतले कागद अजून निम्मेच लावून झालेत. १९८६ चा एक कॅसेटचा करार सापडत नाहीये, आणि वारस म्हणून सही लागणारी बहीण रविवारी इचलकरंजीहून येणार आहे.