पाऊच कमरेला बांधावा की सॅकच्या पट्ट्याला?

सॅक भरणं आता बहुतेकांना जमतं. स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीलगत, टॉपच्या कप्प्यात पोंचो, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते चिल्लर वस्तूंपाशी. फोन, हेडटॉर्च, इलेक्ट्रॉलच्या पुड्या, आवळासुपारी, छोटा चाकू, बँडेज, चष्म्याचं फडकं, वाटेतल्या मावशींना लिंबूसरबताचे द्यायला दहा-वीसच्या नोटा. या वस्तू एकदा सॅकमध्ये गेल्या की असून नसल्यासारख्या. पाठीवरच्या टॉपची चेन आपली आपल्याला उघडता येत नाही. मग मागून येणाऱ्याला हाक मारायची, "जरा टॉपमधून एक पुडी काढ रे." एकदोनदा कुणीही काढून देतं. पुढे मात्र आपल्यालाच संकोच वाटायला लागतो आणि 'वर पोचल्यावर घेऊ' असं ठरतं. एप्रिलच्या उन्हात खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना इलेक्ट्रॉल असं पुढे ढकलणं बरं नाही. हाताशी असलेली वस्तूच वेळेवर वापरली जाते, म्हणून एवढा खटाटोप.

जागा चार. पँटचे खिसे, सॅकच्या हिपबेल्टवर, म्हणजे कमरेला आवळायच्या गादीच्या पट्ट्यावर, शिवलेले खिसे, कमरेला बांधायचा वेगळा पाऊच आणि खांद्याच्या पट्ट्यावर लावायचा पाऊच. चारही वापरून झालेत. पहिल्या दोघांचं चटकन आटपतो, कारण खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

कार्गो पँटचे मांडीवरचे खिसे दुकानात फार आकर्षक दिसतात. त्यात फोन टाकून चढायला लागलं की तो दर पावलाला मांडीवर आपटतो, आणि पावसाळ्यात सगळ्यात आधी भिजतो तोही हाच खिसा. कारवीच्या रानातून वाट काढताना फांद्या नेमक्या तिथेच अडकतात. चेनचा एक बाजूचा खिसा मात्र हवाच. घराची किल्ली, मोठ्या नोटा, ओळखपत्र त्यात. त्याबद्दल पुढे येईनच.

हिपबेल्टचे खिसे ज्यांच्या सॅकला आहेत त्यांनी जरूर वापरावेत, चिक्की आणि खजुरासाठी. हल्लीचे मोठे फोन त्यात बसत नाहीत, बसले तर चेन लागत नाही. शिवाय बेल्टचा गादीचा भाग ठरावीक लांबीचा असतो. कंबर रुंद असेल तर खिसे पुढे यायच्या ऐवजी कुशीला, जवळजवळ मागेच राहतात. माझ्यासारख्याला तर ते दिसतही नाहीत, नुसते चाचपावे लागतात. सॅकवर रेनकव्हर चढवलं तरी हे खिसे त्याच्या बाहेरच, हेही लक्षात ठेवा.

आता कमरेचा पाऊच. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते आधी बोललं पाहिजे. तो तुमच्या अंगावर असतो, सॅकशी त्याचं देणंघेणं नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळात सॅक टेकवली की बालेकिल्ला, सुवेळा, संजीवनी अशी भटकंती करायला माणूस मोकळा होतो, आणि पाण्याची बाटली सोडली तर लागणारं सगळं कमरेला असतं. हरिश्चंद्रगडावर सामान गुहेत ठेवून कोकणकड्यावर सूर्यास्ताला जाताना तर त्याचं मोल कळतं, कारण परतताना अंधार पडतोच आणि हेडटॉर्च तेव्हा सॅकमध्ये असून भागत नाही. पावसात सॅकसकट पोंचो पांघरला असेल तर खालून हात घालून कमरेपर्यंत सहज पोचता येतं. पट्ट्यावरच्या पाऊचसाठी तोच पोंचो छातीपर्यंत गोळा करावा लागतो, आणि तेवढ्यात आत पाणी शिरतं. पावसाळ्यात पोंचो घालूनच चालणाऱ्यांनी हा मुद्दा माझ्या मतापेक्षा जास्त धरावा.

अडचण म्हणाल तर एकच, पण ती दिवसभर पुरते. कंबर एक आणि पट्टे दोन.

मुक्कामाच्या ट्रेकची पन्नास-साठ लिटरची सॅक घ्या. तिचं बरंचसं वजन खांद्यांऐवजी कमरेच्या हाडांवर यावं, यासाठीच हिपबेल्ट असतो. तो त्या हाडांच्या वरच्या कडेवर घट्ट बसायला हवा. नेमकी तीच जागा पाऊचला हवी असते. पाऊच बेल्टच्या वर बांधा, तो पोटात रुततो. पायथ्याच्या गावात पोटभर पोहे खाऊन निघाला असाल तर विचारूच नका. खाली बांधा, तो मांड्यांवर उतरतो आणि प्रत्येक उंच पायरीला गुडघा त्याला ढुशी देतो. पाऊच आत आणि बेल्ट त्यावरून असं केलं, तर पाऊचचा पट्टा सॅकच्या गादीखाली चिणला जातो. संध्याकाळी शर्ट वर केला की कमरेवर त्या पट्ट्याचा लाल वळ असतो, कुठे टाका पडलाय तेसुद्धा मोजता येईल असा.

त्यात बकलांची गंमत. दोन्ही बकलं पोटावर, एकाखाली एक, आणि दोन्ही जवळपास सारखी. थांबा आला, हात घामाने ओले आहेत, सॅक उतरवायची घाई आहे, म्हणून न बघता चाचपून बकल दाबावं तर सुटतो पाऊच. तो पायात पडतो आणि सॅक तशीच पाठीवर. सपाटीवर यावर हसता येतं. अरुंद आडव्या वाटेवर एका बाजूला दरी असेल तर हसू येत नाही.

याहून वाईट गोष्ट लक्षातही येत नाही. दोन पट्ट्यांची ओढाताण नको म्हणून माणूस हळूच हिपबेल्ट सैल सोडतो. सैल बेल्ट म्हणजे नसल्यातच जमा, सगळं वजन खांद्यांवर. राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या धारेला लागलात की दिवस सरता सरत नाही. संध्याकाळी बुधला माचीखाली पोचेपर्यंत खांदे बोलायला लागतात आणि शिव्या मिळतात सॅकला.

कातळावर हा पाऊच आणखी त्रास देतो. हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे करून, खोबणीत बोटं रोवून उतरावं लागतं. पोट कातळाला जितकं जवळ तितका तोल चांगला. मध्ये चार बोटं जाडीचा पाऊच आला की अंग तेवढं बाहेर ढकललं जातं, आणि खालची पायरी बघायला मान वाकवली की आधी पाऊचच दिसतो. तो पाठीकडे फिरवावा तर तिथे सॅक. अलंग-मदनसारख्या ठिकाणी, जिथे कमरेला दोर अडकवायचा हार्नेस चढवावाच लागतो, तिथे तर पाऊच काढून सॅकमध्येच टाकावा लागतो. म्हणजे पुन्हा टॉप, पुन्हा "जरा काढ रे".

म्हणून मी पट्ट्यावरच्या पाऊचकडे वळलो. तो दिसायला अगदीच साधा. फोन उभा मावेल एवढा, मागे वेल्क्रोच्या दोन पट्ट्या. लावण्यात मात्र थोडी मेख आहे. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची पिण्याची नळी अडकवायला बहुतेक सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांवर नायलॉनची किंवा इलॅस्टिकची वळी शिवलेली असतात. वरची वेल्क्रो त्या वळीतून ओवूनच बांधायची, नाहीतर पाऊच तासाभरात घसरत बरगडीपर्यंत येतो आणि हात हलवताना कोपराला लागतो. वळी नसली तर कुठल्याही बॅग दुरुस्तीवाल्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेता येतात. चेनच्या जिभेला बुटाच्या जुन्या नाडीचा बोटभर तुकडा गाठ मारून बांधायचा. ओल्या हातांनी, अंधारात, हातमोजे घालून, कसंही असलं तरी बोटांना तो तुकडा सापडतो आणि एका हाताने चेन उघडते. हनुवटी जराशी खाली केली की आत काय आहे ते दिसतं. काय हाताला लागलं हे डोळ्यांना दिसण्यातलं सुख मला कमरेच्या पाऊचने कधी दिलं नाही.

दोष यालाही आहेत. सॅक उतरवली की पाऊचही तिच्याबरोबर गेला. सॅक पाठीची बाजू खाली करून धाडकन टाकायची सवय असेल तर फोन मातीत, वरून पंधरा किलो. ती सवय बदलावी लागते, पट्टे वर ठेवून सॅक टेकवायची. कातळटप्प्यावर सॅक दोराने वर ओढायची असेल तर पाऊच आधी सोडवून घ्यावा, कारण ओढताना तोच कड्याला घासतो. पाऊच फुगीर असेल तर शिडीवर हात वर नेताना दंडाला अडतो. म्हणून सपाटच घ्यावा आणि त्यात दुकान मांडू नये. माकडांच्या गडावर त्यात खाऊ ठेवू नका. छातीवरची पिशवी म्हणजे त्यांना वाढलेलं ताट. पावसात हा पाऊच सगळ्यात पुढे भिजतो, 'वॉटरप्रूफ' चेनवर माझा विश्वास नाही, फोन आधी झिपलॉकच्या पिशवीत घालूनच आत जातो.

सॅक उतरवल्यावर काय, हाच कमरेच्या पाऊचवाल्यांचा हुकमी मुद्दा असतो. त्यावर माझ्यापुरती वाटणी अशी. पैसे, किल्ली, ओळखपत्र हे पँटच्या चेनच्या खिशात, ते अंगावरून उतरत नाही. पट्ट्यावरच्या पाऊचमध्ये फोन, पुड्या, आवळासुपारी, बँडेज आणि मधमाश्यांच्या धास्तीने ठेवलेली ॲलर्जीची गोळी. माझ्यापुरती सेट्रिझिन, ती तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठेवा. मुक्कामी पोचलो की वेल्क्रो सोडवून पाऊच जॅकेटच्या खिशात जातो. सोडवायला क्षणभर लागतं, परत ओवायला मात्र थोडा जास्त वेळ आणि कुरकुर. ही कुरकुर मला दोन बकलांपेक्षा परवडते.

शिट्टी मात्र पाऊचमध्ये नकोच. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलातच ती असते, आणि कित्येकांना आपल्या सॅकला शिट्टी आहे हे ठाऊकच नसतं. एकदा बघून घ्या. नसेल तर तिथेच दोरीने बांधा. मदतीची हाक म्हणजे मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा. ऐकणारा मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर देतो. होकायंत्र वापरत असाल तर तेही फोनशेजारी ठेवू नका, स्पीकरमधल्या चुंबकाने सुई भरकटते.

आता कुणी काय घ्यावं? एका दिवसाचे ट्रेक करत असाल आणि सॅक वीस-पंचवीस लिटरची असेल, तर तिचा कमरेचा पट्टा नुसती फीत असतो, वजन पेलायला तो नाहीच. तो उघडा ठेवला तरी फारसं बिघडत नाही आणि कमरेचा पाऊच तिथे सुखाने नांदतो. घरात असेल तर तोच वापरा, नवीन कशाला घेता. रात्रीच्या कात्रज-सिंहगडला किंवा कळसूबाईला तो मला कधी जड गेला नाही. कळसूबाईच्या, म्हणजे १,६४६ मीटरवरच्या माथ्यापर्यंतच्या शिड्यांना बाजूला कठडे आहेत, तिथे पोट कातळाला चिकटवायची वेळ येत नाही. सारखं थांबून, सॅक टाकून फोटो काढत हिंडणाऱ्यांनाही कदाचित कमरेचाच सोयीचा पडेल.

पण मुक्कामी ट्रेक, जड सॅक, वाटेत कातळटप्पे, असं तुमचं असेल, तर मी पट्ट्यावरचाच घ्या म्हणेन. दोन्हींचा अनुभव नसलेल्याने घेण्याआधी एक करून बघावं. घरातली सॅक पूर्ण वजनाने भरायची, हिपबेल्ट नीट आवळायचा, मित्राचा कमरेचा पाऊच मागून आणून बांधायचा आणि इमारतीचे चार मजले दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत चढायचे, मग तोंड जिन्याकडे करून उलटं उतरायचं. शेजारी बघतील, बघू देत. पट्ट्यावरचा पाऊच लावून हेच परत करा. आणि तो लावाल तेव्हा, उजव्या हाताने काम करत असाल तर डाव्या पट्ट्याला लावा. हात छातीवरून आडवा सरळ चेनपर्यंत जातो. त्याच बाजूच्या पट्ट्याला लावला तर मनगट वाकडं करून चाचपत बसावं लागतं.