फॅमिलीसर्च : साध्या माणसाचा माग
ज्याच्या नावावर ना लढाई ना ग्रंथ, अशा साध्या पूर्वजाचा माग काढायचा असेल, तर जुन्या कौटुंबिक नोंदी शोधण्याची फॅमिलीसर्च ही विनामूल्य ऑनलाइन सेवा मला सर्वांत उपयोगी वाटते. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेतून वाढलेल्या या सेवेने १९३८ पासून मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांची अगदी लहान छायाचित्रे साठवणाऱ्या फितीवर, टिपलेल्या असंख्य नोंदी आता संगणकावर आणल्या आहेत. मूळ पानाचे छायाचित्र मोठे करून पाहताना जुन्या विवाहनोंदीत सहीच्या जागी काढलेली फुली दिसते आणि लिहिता न येणाऱ्या त्या माणसाचा हात जणू समोर येतो. हे समाधान नुसत्या नावांच्या यादीत मिळत नाही. या सेवेवरचा वंशवृक्ष मात्र सर्वांचा सामाईक आहे, त्यात कोणीही बदल करू शकतो, म्हणून तिथे जोडलेले आईवडील मूळ नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत. एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात सहज आढळतात.